एकशे वीस पावलं

नाना चालत असताना त्यांच्याशी बोलायचं नाही. जळगावात त्यांच्या घरी वरच्या खोलीत मी भाड्याने राहायला गेलो, त्याच दिवशी त्यांच्या पत्नीने, म्हणजे अक्कांनी, मला हा नियम सांगितला. नळाला पाणी कधी येतं आणि जिन्याचा दिवा कुठून लागतो, हे त्यानंतर. "ते मोजत असतात," एवढंच त्या म्हणाल्या. मला वाटलं, नाना जप करत असतील. माणूस धार्मिक दिसतो, असं म्हणून मी ट्रंक वर नेली.

नाना पावलं मोजत. घरापासून पोस्टापर्यंत सहाशे चाळीस, पोस्टापासून बसस्टँडपर्यंत अकराशे दहा. लग्नाला गेले की मांडवापासून पंगतीपर्यंत किती, हे आहेराआधी त्यांना कळलेलं असे. वाटेत कुणी नमस्कार केला तर नुसता हात वर करत. कुणी बळेच बोलायला लावलं आणि मोजणी तुटली, तर ते मागे वळत, घरी येत, उंबऱ्याला पाय लावून पुन्हा सुरुवात करत. एकदा त्यांना चाळीसगावची बस पकडायची होती. स्टँडच्या दारातच एका पेरूवाल्याने त्यांना वेळ विचारली. नानांनी वेळ सांगितली आणि घरी परत आले. दुसऱ्यांदा ते स्टँडवर पोचले तेव्हा बस निघून गेलेली होती. "पण मोजणी पूर्ण झाली," असं त्यांनी मला सांगितलं, आणि त्यात त्यांना गमतीचं काही वाटत नव्हतं.

याला कारण होतं. नाना सरकारी मोजणीदार होते. त्या खात्यात साखळीने जमीन मोजतात. तेहतीस फुटी लोखंडी साखळी. नानांचा साखळीवर विश्वास नव्हता. ते म्हणत, "जळगावच्या उन्हात माणूस वितळतो, तर लोखंड वाढणार नाही? कड्या झिजतात, सैल होतात. पाऊल झिजत नाही." नोकरीच्या सुरुवातीला फैजपूरकडे केळीच्या दोन बागांच्या बांधावरून भांडण होतं. नानांनी आधी चालून आकडा सांगितला, मग साखळी टाकली. दोन्ही आकडे जुळले. सोबत आलेले साहेब खूश होऊन म्हणाले, तुमचं पाऊल सरकारी आहे. साहेब ते त्याच दिवशी विसरले असणार. नानांनी ते जन्मभर जपलं. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं, ना सूत कमी ना सूत जास्त, आणि याबद्दल ते इतक्या शांतपणे बोलत की समोरच्याला हसायचं धाडस होत नसे.

आमच्याकडे बेसबॉल खेळतात, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो आपल्याकडे संशयाने बघतो. पण जळगाव-धुळ्याकडे सॉफ्टबॉल आणि बेसबॉल मुरलेले आहेत. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होतो आणि संध्याकाळी एका छोट्या क्लबासाठी बॅटवाल्याच्या मागे कॅचर म्हणून बसायचो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या मैदानाची आखणी करायला कुणीतरी जाणकार हवा होता, म्हणून क्लबवाल्यांनी नानांना बोलावलं. ते आले, आखून दिलं, आणि पुढे सामना बघायला थांबले. कुणीतरी बॅटने चेंडू मारला, तो कुंपणावरून पलीकडे गेला, आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. नाना त्या क्षणी खेळाच्या प्रेमात पडले. क्रिकेट त्यांना अजिबात आवडत नसे. "त्यात दोरी कुणीही पायाने सरकवतो," ते म्हणत. "इथे कुंपण म्हणजे कुंपण."

हे कुंपण दरवर्षी नवं उभं राहायचं. कापूस वेचून झाला की शेतकरी पऱ्हाट्या उपटून बांधावर टाकतात. त्या वाळलेल्या काटक्यांच्या दोन गाड्या क्लबाला कुणी ना कुणी देत असे. बांबूचे खुंट रोवायचे, त्यांना पऱ्हाट्या बांधायच्या, छातीएवढं कुंपण झालं. हंगाम संपला की आजूबाजूच्या वस्तीतल्या बाया ते चुलीसाठी मोडून नेत, आणि पुढच्या माघात आम्ही पुन्हा उभं करत असू. बेसमधलं अंतर पंच टेपने तपासत, म्हणून तिथे गाठी मारलेली दोरी होती. कुंपणाची चौकशी कुणी करत नसे. तिथे नाना होते. पांढरे कॅनव्हासचे बूट घालून ते होमप्लेटवर, म्हणजे बॅटवाल्याच्या जागी, उभे राहत, डोळे मिटत, उघडत, आणि चालायला लागत. एकशे वीस पावलं. तीनशे फूट. ते थांबले की मागून येणारा माणूस तिथे खुंट ठोकायचा. डावीकडून उजवीकडे असे पंधरा-सोळा वेळा. तेवढा वेळ मैदानावर सगळे गप्प बसत. मीसुद्धा, आणि मी तसा गप्प बसणारा माणूस नाही.

नानांनी एक वहीही ठेवली होती. त्या मैदानावर कुणी होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे टाकला, की नाना कुंपणापलीकडे जाऊन चेंडू पडला तिथपर्यंत पावलं मोजत आणि तारीख, नाव, पावलं लिहून ठेवत. सामन्याला लिहायचं ते पेन्सिलीने. घरी येऊन हातपाय धुऊन, खात्री पटली की त्यावर पेनाने गिरवायचं. "पेन्सिल म्हणजे ऐकीव," ते म्हणायचे, "पेन म्हणजे झालं." वाणसामानाची यादीसुद्धा ते पेन्सिलीने लिहीत आणि सामान घरात आलं की गिरवत. अक्कांनी या सवयीला नावं ठेवणं कधीच सोडून दिलं होतं.

वहीतलं सगळ्यात मोठं नाव होतं धुळ्याच्या आबाचं. आबा पोलिसात हवालदार होता आणि दरवर्षी धुळ्याचा संघ घेऊन आमच्या स्पर्धेला यायचा. सोळा वर्षं तो आमच्या मैदानावर खेळला, आधी जुन्या आखणीवर, मग नानांच्या, आणि एकतीस होमरन मारून पंचेचाळिसाव्या वर्षी थांबला; आधीचे होमरन नानांनी क्लबाच्या कागदांवरून वहीत उतरवून घेतले होते. नाना त्याच्याविषयी बोलताना देवळात बोलावं तसं बोलत. लोक चाळिशीत बॅट ठेवतात, आबाचे होमरन मात्र त्या वयात थोडे वाढलेच. नानांच्या मते याला एकच कारण, कळण्याची भाकरी. "ज्वारी आणि उडीद. त्यावर वांग्याचं भरीत. हाडं पंचेचाळीसपर्यंत टिकलीच पाहिजेत." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं की मैदानासमोरचा चहावाला ते त्यांच्या आधी म्हणून दाखवायचा.

त्या चहाच्या टपरीवर आमची खरी स्पर्धा चाले. नाना, मी, आणि एका दवाखान्यातला कंपाउंडर. कंपाउंडरला सगळे भाऊ म्हणत. भाऊला प्रत्येक गोष्टीत शास्त्र दिसे. आबा मोठा की आत्ताची पोरं मोठी, पूर्वीचे पिचर जोरात टाकायचे की आत्ताचे, चेंडू आता जास्त टणक येतात का, यावर आम्ही चार-चार चहा संपवत असू. नानांचा एक भाचा अमेरिकेत होता. तो कधीतरी बेसबॉलचं मासिक पाठवायचा. नाना शब्दकोश घेऊन ते वाचत. एकदा त्यात त्यांनी वाचलं की तिकडे प्रत्येक मैदानाचं कुंपण वेगवेगळ्या अंतरावर असतं. नाना दोन दिवस जेवले नाहीत नीट. "मग त्यांचे विक्रम म्हणजे काय?" ते मला विचारत होते, जणू मीच जाऊन ती कुंपणं घातली होती. तिसऱ्या दिवशी ते टपरीवर आले आणि म्हणाले, "आपलं बरं आहे."

पुढे ऑलिम्पिकमधल्या एका धावपटूचं पदक काढून घेतल्याची बातमी आली आणि स्टेरॉईड हा शब्द जळगावात उतरला. भाऊने तो 'इस्टेराईड' असा आणला. त्या वर्षापासून टपरीवर कुणी जरा रुंद दिसला की त्याच्या दंडाकडे बोट जायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या क्लबात गोकुळ आला, आणि सगळ्यांनी त्याच्याचकडे बोट दाखवलं.

गोकुळ फैजपूरचा. घरी थोडी केळी, आणि हंगामात दुसऱ्यांच्या बागांतून घड खांद्यावर टाकून ट्रकपर्यंत न्यायचं काम. खांदे असे की सदरा शिवणारा दोनदा माप घ्यायचा. तो पहिल्या हंगामात सात होमरन मारून गेला. दुसऱ्यात नऊ. आबाला जे जमायला वर्षं लागायची, ते हा पोरगा जेवायला बसावं तसं करत होता. आणि फक्त तोच नव्हे, बाकीच्या पोरांचेही चेंडू आता पलीकडे जात होते. नाना अस्वस्थ झाले. "एवढ्या सगळ्यांच्या हाडात एकदम काय शिरलं?" ते विचारत. भाऊकडे उत्तर तयार असे.

आता जे सांगतो त्याची मला अजून लाज वाटते. एकदा माझा ग्लव्ह सापडेना म्हणून मी गोकुळच्या पिशवीत हात घातला. हाताला इंजेक्शनची छोटी बाटली लागली, लेबल नसलेली. मी ती परत ठेवून गप्प बसायला हवं होतं. मी ती भाऊला दाखवली. भाऊने उजेडात धरून पाहिली, बूच हुंगलं आणि म्हणाला, "हार्मोन आहे." भाऊने टपरीवर गोकुळला विचारलं तर तो म्हणाला, "म्हशीचं आहे भाऊ. आमची म्हैस पान्हावत नही. माह्या बापानं मांगेल व्हतं, गावी नेऊन राह्यलो." सगळी टपरी हसली. जनावराचं टोचून घेतो, अशी बातमी दुसऱ्या दिवशी दीपनगरच्या वीजकेंद्राच्या संघापर्यंत पोचली. नाना मात्र हसले नव्हते. त्यांनी घरी येऊन वही उघडली, गोकुळचे पेन्सिलीतले होमरन पाहिले, आणि ते तसेच ठेवून वही बंद केली.

चौथ्या हंगामात गोकुळने आबाचा आकडा ओलांडला. चौतीस. सगळे पेन्सिलीत.

त्याच आठवड्यात तो घरी आला. मी खाली पेपर वाचत बसलो होतो. मुंबईच्या एका कारखान्याचा संघ होता, त्यांना एक फटकेबाज हवा होता; नोकरी देणार होते. पंधरा दिवसांत क्लबाचं पत्र हवं होतं, किती होमरन, कुठल्या मैदानावर, आणि त्यावर वही ठेवणाऱ्याची सही. अक्कांनी चहा आणला. गोकुळने कप हातात धरला, पण प्यायला नाही.

"नाना, मी कायी घेत नही," तो म्हणाला. "माह्या मायची आन आहे."

"शपथ घालू नको," नाना म्हणाले. "मला शपथ लिहिता येत नाही."

"मंग काय करू? घड वाहून वाहून बापाची पाठ गेली. मले बी तेच कराचं का? तुमची एक सही आहे."

"सही पेनाची असते, गोकुळ. माझी खात्री नाही, तर मी पेन कसा उचलू?"

गोकुळ उठला. दारात त्याने चपला पायात घातल्या आणि मागे न वळता म्हणाला, "तुमी मले कधी इचारलंच नही नाना. त्या कंपाउंडरले इचारलं." अक्का चहाचा भरलेला कप घेऊन आत गेल्या आणि त्या दिवशी त्या नानांशी बोलल्या नाहीत. त्या बाबतीत त्या माझ्यापेक्षा बऱ्या होत्या.

नानांनी यावर एक तोड काढली. अंतिम सामन्याच्या दिवशी आबाला बोलवायचं. पन्नाशीचा माणूस, कधी गोळी न घेतलेला. त्याला दहा चेंडू टाकायचे. एकही पलीकडे गेला नाही, म्हणजे प्रामाणिक शरीराची हद्द काय असते हे पोरांना दिसेल. हे तर्कशास्त्र मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं, पण नाना ठरवून बसले होते.

आबा आला. पोट सुटलेलं, उजवा खांदा खाली गेलेला. बॅट उचलताना त्याने तोंड वाकडं केलं, ते मी होमप्लेटमागून पाहिलं. पहिले सहा चेंडू जमिनीवरून गेले. सातवा त्याने मारला. फारसा उंच नाही, फारसा जोराचा नाही. तो गेला आणि पऱ्हाट्यांच्या कुंपणावरून पलीकडे पडला. मैदान उठून उभं राहिलं. नाना चक्क टाळ्या वाजवत होते. "कळण्याची भाकरी!" ते ओरडले. आठवा चेंडू वाया गेला. नववाही पलीकडे.

आबाने दहावा चेंडू खेळलाच नाही. त्याने बॅट खाली ठेवली आणि कुंपणाच्या दिशेने चालायला लागला. लोकांना वाटलं, मानवंदना वगैरे काहीतरी आहे. कुंपणापाशी जाऊन तो थांबला, वळून होमप्लेटकडे बराच वेळ बघत राहिला, आणि परत आला. नाना पुढे होऊन त्याला मिठी मारणार होते. आबाने हात आडवा केला.

"नाना," तो हळू म्हणाला, "मना खांदा गया शे. केसं इंचराले बी हात वर जात नई. आनि चेंडू भाईर जास? हाई मनी ताकद नई. हाई कुंपन पुढे उनं शे."

"एकशे वीस पावलं आहेत," नाना म्हणाले. "मी स्वतः चाललो."

"तूच चालना. तेच म्हनस मी."

मी जवळच होतो म्हणून मला ऐकू आलं. बाकी कुणाला नाही. नानांचा चेहरा मी पाहिला. कुंपण त्यांच्याच पावलांनी पुढे आलं, ही गोष्ट आयुष्यात कुणी त्यांना म्हटली नव्हती. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते आपल्या बुटांकडे बघत होते. दोन वर्षांपासून त्यांचे गुडघे दुखत होते, जिना ते एकेक पायरी घेत उतरत, आणि हे त्या घरात राहणाऱ्या मला रोज दिसत होतं. शास्त्र शाखेच्या प्रयोगशाळेत मी पोरांना मोजमापातल्या चुका शिकवायला मदत करायचो. माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना माळ्यावरून जुनी साखळी काढून मैदानावर आले. दुसरं टोक मी धरलं. रणरणतं ऊन होतं, मैदानावर कुत्रंही नव्हतं. होमप्लेटपासून कुंपणापर्यंत आम्ही साखळी टाकत गेलो. आठ साखळ्या पूर्ण झाल्या, वर वीस फूट भरले, आणि कुंपण आलं. दोनशे चौऱ्याऐंशी.

"नाना, ऊन आहे," मी म्हणालो. "साखळी वाढली असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सोळा फूट वाढायला ऊन नाही, भट्टी लागते," ते म्हणाले, आणि साखळी ओढत कुंपणापलीकडे गेले. तिकडे वाळल्या गवतात दरवर्षीच्या बांबूंचे मोडलेले खुंट होते. बाया पऱ्हाट्या नेत, पण रुतलेली बुडखी तिथेच राहत. चेंडू शोधताना आम्ही त्यांना ठेचकाळून कितीदा शिव्या दिल्या होत्या. ते कुंपणाचेच खुंट आहेत हेही माहीत होतं. सगळे एकाच ओळीत नसून एकामागे एक अशा कितीतरी ओळींत का आहेत, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. नानांनी गवत पायाने दाबलं. सगळ्यात लांबची ओळ बरोबर तीनशे फुटांवर होती. तिच्या आत दुसरी, एक-दीड फुटावर. तिच्या आत तिसरी. दर माघाची एक ओळ, होमप्लेटकडे सरकत आलेली. नानांचं सगळं म्हातारपण त्या गवतात मांडून ठेवलं होतं.

नाना एका दगडावर बसले. "मी त्या पोराला चोर ठरवलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि चोरी माझ्या गुडघ्याने केली." मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं आणि लगेच उठले, कारण पत्राला आठ दिवस उरले होते.

पुढचे तीन दिवस आम्ही वही घेऊन बसलो. कुठल्या साली कुंपण किती फुटांवर होतं, ते खुंटांवरून मोजलं. प्रत्येक होमरन कुंपणापलीकडे किती पावलांवर पडला ते वहीत होतंच. त्या-त्या वर्षाच्या पावलाची लांबी काढून गणित केलं. खरं कुंपण असतं तर कुठला चेंडू पलीकडे गेला असता आणि कुठला नाही, असा एकेक होमरन तपासला. भाऊ एकदा डोकावला आणि म्हणाला, तरी पण इंजेक्शनचा प्रश्न राहतोच. नाना त्याला म्हणाले, "भाऊ, तू घरी जा." एवढं कडक मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

गोकुळच्या चौतिसांपैकी तेवीस टिकले. मग नानांनी आबाचं पान उघडलं. मी म्हणालो, ते राहू द्या. त्यांनी माझं ऐकलं नाही. आबाचे एकतीसपैकी शेवटचे पाच गळाले, सगळे चाळिशीनंतरचे. नानांनी पेन खाली ठेवला. भाकरी नाही, भरीत नाही. आबाचा हात म्हातारा होत होता आणि त्याच वेगाने नानांचा पाय म्हातारा होत होता. आबाची ताकद जितकी कमी झाली, तितकं कुंपण त्याच्याकडे चालत गेलं होतं. इतकी वर्षं टपरीवर आम्ही ज्या गोष्टीवर भांडत होतो, ती कुणाच्याच दंडात नव्हती.

आधी आम्ही धुळ्याला गेलो. नानांनी उभ्याउभ्याच सांगितलं, पाच कमी होतात, चूक माझी. आबा अंगणात खाटेवर बसला होता. तो हसला.

"मले वाटे, मी आजून जवान शे," तो म्हणाला. "तू मले चार वरीस जास्तीना दिधात, नाना. ते मी आते परत देवाव नई."

तिथून एसटीने फैजपूर. गोकुळ एका बागेच्या तोंडाशी ट्रक भरत होता. आम्हाला पाहून त्याने खांद्यावरचा घड खाली ठेवला, पण जवळ आला नाही. नानाच चालत त्याच्याकडे गेले. मी पाहिलं, ते मोजत नव्हते. चालताचालताच बोलायला लागले होते. "गोकुळ, कुंपण जवळ होतं. सोळा फूट. माझं पाऊल कमी पडत होतं आणि मला कळलं नाही. मी तुझ्यावर संशय घेतला. मला माफ कर." साठीचा माणूस पंचविशीच्या पोरापुढे हात जोडून उभा होता. गोकुळने ते हात धरून खाली केले.

"मंग माह्ये चौतीस?" त्याने विचारलं.

"तेवीस."

"तेवीस खरे आहेत ना?"

"तेवीस खरे आहेत."

"मंग तेवीस लिहा. मले खोटे नही पाह्यजे."

नानांनी ट्रकच्या बॉनेटवर वही ठेवली आणि गोकुळसमोर पेनाने तेवीस नोंदी गिरवल्या. घाई नव्हती. उरलेले अकरा त्यांनी खोडले नाहीत. प्रत्येकापुढे 'मोजणीदाराची चूक' असं पेनानेच लिहिलं. मग पत्र. मी त्यांना वाटेत सुचवलं होतं की कुंपणाचा विषय त्यात नको, कारखानेवाले गोंधळतील. त्यांनी लिहिलं: 'सदर खेळाडूने चार हंगामांत चौतीस होमरन मारले. मैदानाची आखणी मी केली असून ती सदोष होती. योग्य अंतर धरता तेवीस होतात. खेळाडूचा दोष नाही.' खाली सही. असलं शिफारसपत्र मी पुन्हा पाहिलं नाही. गोकुळला चाचणीला बोलावलं, त्यांच्या पक्क्या कुंपणाच्या मैदानावर त्याने काय करायचं ते केलं, आणि त्याला घेतलं. पहिल्या सुट्टीत तो अक्कांसाठी साडी घेऊन आला. त्या दिवशी त्याने आमच्या घरी दोन कप चहा प्यायला.

मी त्याची माफी मागितली का? मागितली, पण बऱ्याच वर्षांनी. तो म्हणाला, कोणती बाटली? मला वाटतं, त्याला आठवत होती.

त्या वर्षापासून क्लबाने स्टीलची टेप आणली. कुंपण आखायला नाना येत, पण बाजूला उभे राहत. आखणी झाली, पोरं निघून गेली, की ते होमप्लेटवर जात. तेच पांढरे बूट. डोळे मिटत, उघडत, आणि चालत. मी पऱ्हाटीची एक काडी घेऊन मागे जायचो. एकशे वीस झाली की ते थांबत आणि मी तिथे काडी रोवून वहीत पेन्सिलीने तारीख आणि पावलं लिहायचो. कुंपण पुढे दिसत असायचं, दरवर्षी थोडं जास्त लांब. मग आम्ही टपरीवर चहा प्यायचो आणि त्याच जुन्या गोष्टींवरून भांडायचो.

शेवटच्या वर्षी त्यांच्या हातात काठी होती. एकशे वीस पावलं मोजायला त्यांना बराच वेळ लागला. मध्ये दोनदा थांबून श्वास घेतला, पण मोजणी तुटू दिली नाही. थांबले तेव्हा आम्ही दुसऱ्या बेसच्या थोडं पुढे, कुंपणाच्या जेमतेम निम्म्या वाटेवर होतो. मी काडी रोवली. नानांनी वळून होमप्लेट पाहिली, मग लांबचं कुंपण. खिशातून वही काढून माझ्या हातात दिली. मी सवयीने कानामागची पेन्सिल काढली.

"पेनाने लिही," नाना म्हणाले.